पाण्याच्या टाकीवरून पडलेलं बाहुलं

१ फेब्रुवारी, रविवार
काल हसून हसून पोट दुखलं. आज मात्र कशातच मन लागत नाही.

मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं. मी, मावसभाऊ आणि पाहुणी म्हणून दातांची डॉक्टर. (तिला राक्षस असलेला कुठलाही सिनेमा चालतो.) कुणालाच आठवत नाहीत असे सिनेमे शोधायचे, पाहुण्यांना दाखवायचे आणि त्यावर गप्पा हाणायच्या. तीन वर्षं हेच चाललंय. काल होता चाळीस वर्षांपूर्वीचा, अंगभर आरसे चिकटवलेल्या राक्षसाचा. मुद्दाम निवडला, कारण संकलक म्हणून त्यात बाबांचं नाव आहे. म्हटलं, बाबांना गंमत वाटेल. त्यांनाही आत बसवलं.

राक्षसाचा नोकर पाण्याच्या टाकीवरून पडतो, तिथे आम्ही कोसळलोच. ओरडत नाही, हातपाय झाडत नाही — नुसतं भुसा भरलेलं बाहुलं. मावसभावाने तीनदा मागे नेऊन लावलं. मी म्हटलं, "कापूस बाहेर यायचा तेवढा राहिला." डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाबा कधी उठून गेले, कळलं नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "पाठ दुखत होती." आणि या वहीचं फाटलेला पुठ्ठा जोडत बसले. बघितलं तर जोड कुठे आहे ते सापडेना. एकोणऐंशीव्या वर्षीही हात तसाच.

३ फेब्रुवारी, मंगळवार
भाग सगळ्यांना ऐकायला खुला केला. लोक हसतायत. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
पत्रपेटीत एक पाकीट. वर फक्त कार्यक्रमाचं नाव आणि आपला पत्ता, टाइप केलेला. आत पांढरा कागद. त्यावर मासिकातून कापलेले तीन शब्द चिकटवलेले —

ते बाहुलं नव्हतं.

आधी हसूच आलं. कुणीतरी फिरकी घेतंय. मग दुपारी भांडी घासताना अचानक अर्थ डोक्यात शिरला आणि हातातली ताटली सुटली. बाबांनी बाहेरून विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही.

शब्द किती नीट चिकटवलेत! नख फिरवलं तरी कड लागत नाही. इतका वेळ काढून कुणी केलं असेल हे?

११ फेब्रुवारी
कामावर दांडी मारली. बाबा ग्रंथालयात गेल्यावर तो तुकडा एकेक चित्र थांबवून पाहिला.

कठड्यापाशी त्याचा उजवा हात उघडतो. पाच बोटं. कठडा पकडायला जातात, पोचत नाहीत.

बाहुल्याची बोटं उघडत नाहीत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मावसभावाला सांगितलं. वाटलं होतं, हादरेल. तर त्याचा चेहरा उजळला. "अगं, असा भाग पुन्हा मिळणार नाही! शोधून काढू या कोण ते." मी म्हटलं, "तीनदा मागे नेऊन हसलोय आपण त्या माणसावर."

मग त्यानेच विचारलं, "काकांना माहीत असेल का गं?"

हाच प्रश्न मी तीन दिवस टाळतेय. बाबांनी सिनेमाचं काम का सोडलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आई म्हणायची, डोळे दुखायचे. मग जन्मभर चौकटी करून फोटो लावून देण्याचं दुकान. घरात सिनेमाचा विषय मीच आणला.

त्याला शपथ घातली. बाबांना काही विचारायचं नाही. त्यांच्या छातीचं दुखणं आहे, डॉक्टरांनी ताण नको म्हणून बजावलंय. खरं सांगायचं तर दुखणं हे निमित्त. मला उत्तराचीच भीती वाटते.

१६ फेब्रुवारी, सोमवार
दुसरं पाकीट. तसेच कापलेले शब्द. "शनिवारी अकरा. पाहुण्यांची खुर्ची मला."

पत्ता ठाऊक, रेकॉर्डिंगचा वार ठाऊक, वेळ ठाऊक. पडलेल्याचा मुलगा असेल? भाऊ? चाळीस वर्षं डोक्यात धरून बसलेला माणूस काय करेल सांगता येतं का? आणि आल्या आल्या त्याला दिसणार बाबा. सिनेमाच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत नाव आहे त्यांचं.

नको म्हणून कळवावं, तर उलट पत्ता नाही.

१७ फेब्रुवारी
दाराला साखळी लावून घेतली. बाबांनी विचारलं, "आजच का?" म्हटलं, आजकाल चोऱ्या वाढल्यात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांना म्हटलं, शनिवारी आत्याकडे जा, ती सारखी आठवण काढतेय. (धादांत खोटं. आत्या यांची कसली आठवण काढते!)

"शनिवारी मला काम आहे."

"कसलं काम?"

"आहे."

माझा आवाज चढला. या वयात कसलं काम, एकदा तरी ऐका माझं, वगैरे. ते म्हणाले, "तू हसतेस तेव्हा थेट आईसारखी हसतेस." आणि खोलीत गेले. मध्येच हे काय, मला काही कळलं नाही. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी बाबा केस कापून आले. जेवले नाहीत. मीही नाही. मावसभाऊ उद्या शेजारच्या पैलवानाला जिन्यात उभा करतो म्हणतोय. तोही घाबरलाय तर! मला आतून बरं वाटलं.

ठरवलंय — जो कोणी येईल त्याची आधी माफी मागायची. हसले मी. बाबांना मध्ये आणू नका, एवढंच म्हणायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
अकराला कुणी आलं नाही. जिन्यात पैलवान जांभया देत होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. घरातलंच. बाबा, इस्त्रीचा सदरा घातलेले. सरळ पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. मी म्हटलं, "बाबा, तिथे नका बसू, माणूस येणार आहे."

"आलाय," म्हणाले. मावसभावाला म्हणाले, "चालू कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने चालू केलं.

"टाकीवरून पडलेला तो माणूस तीन दिवसांनी गेला. बाहुल्याचं दृश्यही घेतलेलं होतं. दोन्ही तुकडे माझ्या टेबलावर होते. कुठला लावायचा, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच माणसाचा जोडला. तो जास्त चांगला आला होता."