पॉकेटभोवतीची फट

अण्णा, तुमच्या पूल टेबलाची सगळी पॉकेटं मी या आठवड्यात उपसून काढली आणि नव्याने बसवली. तुम्ही असतात तर हात लावू दिला नसता. बाईमाणसाने पटाशी धरली की धार जाते म्हणायचात. तुमच्याच पटाशीने केलंय सगळं आणि धार शाबूत आहे. आता बॉल कोपऱ्यात गेला की सरळ खाली जातो. पूर्वी तो पॉकेटच्या तोंडाशी खडखडायचा आणि निर्लज्जासारखा परत टेबलावर यायचा. बंदरावरून खेळायला येणारी पोरं काठीला दोष द्यायची, स्वतःच्या हाताला द्यायची. तुम्हाला कोणी दिला नाही. तुम्हाला दोष द्यायची आपल्याकडे पद्धतच नव्हती.

जन्मभर तुम्ही होड्या बांधल्यात. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवायची, कापूस ठासायचा, होडी पाण्यात गेली की लाकूड फुगतं आणि फट आपोआप बुजते, हे तुमच्या हाडात मुरलेलं. फायबरच्या होड्या आल्या, काम आटलं, तेव्हा मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातलं जुनं टेबल टेम्पोत घालून आणलंत आणि पडवीत क्लब उघडलात. त्याची पॉकेटं फाटलेली होती. नवी मागवलीत ती लहान निघाली. लाकडातली खाच मोठी आणि पॉकेट आत डुगडुगणारं. दुसऱ्या कोणीही खाचेत लाकडाची पट्टी चिकटवली असती. तुम्ही नुसता बोल्ट आवळलात आणि पावसात फट बुजेल म्हणालात. होडी पाण्यात असते आणि टेबल छपराखाली, एवढा साधा फरक तुमच्यासारख्या कारागिराला दिसला नाही. पावसाळा सरला, फट होती तेवढीच राहिली. तेव्हा म्हणालात, यंदा पाऊस कमी झाला. रत्नागिरीत पाऊस कमी झाला. आई तोंडाला पदर लावून हसली होती म्हणे. मी ते बघायला नव्हते, कारण तोवर तुम्ही मला परत सासरी पाठवलं होतंत.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मे महिना आहे, पडवीत पेंढ्यात घातलेल्या आंब्यांचा वास कोंडलाय. मी पालीहून सकाळच्या एसटीने बॅग घेऊन आलेय आणि तुम्ही टेबलाखाली उताणे पडून बोल्ट आवळताय. मी आले का, एकटीच का, काही विचारत नाही. वरून पॉकेट दाबून धर, एवढंच सांगता. मी डाव्या हाताने धरते. उजव्याने धर म्हणता, तर धरता येत नाही. तुम्ही बाहेर येता, माझं सुजलेलं मनगट हातात घेता आणि बराच वेळ बघता. कोणी केलं हे तुम्हाला विचारावं लागत नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, आता हा माणूस उठेल, सदरा चढवेल आणि पालीला जाऊन जावयाची गचांडी धरेल. तुम्ही मनगट सोडलंत, पॉकेटभोवतीच्या फटीवरून अंगठा फिरवलात आणि तिच्याकडेच बघत म्हणालात, "एक पावसाळा जाव दे गो बाय. नवा सांधा हाय. फुगंल नि बसंल."

दुपारी तुम्ही स्वतः मला एसटीत बसवलंत. वर सासरच्यांसाठी हापूसची पेटी दिलीत, निवडून निवडून भरलेली. ज्या हाताने माझं मनगट पिरगाळलं त्याच हाताने त्याने तुमचे आंबे खाल्ले आणि तुमच्या बागेची तारीफ केली. त्यानंतर किती पावसाळे गेले, मी मोजले नाहीत. मी सणाला यायचे, टेबलाकडे बघायचे, फट तशीच. तुम्हीही बघायचात, मग माझ्याकडे बघायचात आणि मासळी कोणती आणू ते आईला विचारायचात. तुम्ही गेलात तेव्हा मी लेकीला घेऊन आले आणि तेराव्यानंतर परत गेलेच नाही. कोणी विचारलं तर आई म्हणायची, ती इथेच राहील. बाकी काही नाही. तुमच्यासमोर तिला हे तीन शब्द कधी काढता आले नाहीत. बोलायला कडू आहे, पण खरं आहे ते लिहिते: तुम्ही गेलात म्हणून मला घर मिळालं.

क्लब मी चालवला, फटीसकट. दुरुस्त करायचं मनात यायचं, पण मीच करू देत नव्हते स्वतःला. बॉल खडखडून परत आला की मला बरं वाटायचं. तुमची चूक रोज वाजतेय, सगळ्या गावाला ऐकू येतेय, असं वाटायचं.

गेल्या सोमवारी माझी लेक दाभोळहून आली, सासरहून. बॅग घेऊन. मी चहा ठेवत होते. तिने दंडावरची ओढणी बाजूला केली आणि मला दाखवलं. आणि अण्णा, माझ्या तोंडून आलं, "एक पावसाळा..." तेवढ्यात दूध उतू गेलं, मी गॅसकडे धावले. वळून बघते तर ती माझ्याकडे टक लावून उभी. माझ्याकडून ही गोष्ट ऐकतच ती वाढलीय. म्हणाली, "आई, हे आजोबांचं वाक्य होतं ना?"

मी म्हटलं, हो, म्हणून तर गिळलं. तू कुठेही जायचं नाहीस.

ती रडली, मग जेवली. दुसऱ्या दिवशी मी पॉकेटं उपसली. खाचेत सागवानी पट्ट्या चिकटवल्या, कानशीने घासून गोलाई आणली, आणि ती पॉकेट वरून दाबून धरत होती तेव्हा मी खालून बोल्ट आवळले. शेवटचं बसल्यावर तिने बॉल हाताने घरंगळत सोडला. तो गेला आत. ती हसली आणि आत जाऊन बॅग रिकामी केली. आता तिचे कपडे माझ्या कपाटात आहेत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिला सांगायची छाती नाही. ते वाक्य मी गिळलं नव्हतं, अण्णा. दूध उतू गेलं म्हणून ते अर्धं राहिलं.