घरचं विरजण

४ तारीख, मंगळवार

आलो एकदाचे. टेम्पोवाल्यांनी कपाट आत नेताना दाराच्या चौकटीला असं घासलं की पांढरा पट्टा उमटला. मी तोंड वाकडं केलं, तर ही म्हणाली, बरं झालं, ओरखडा पडल्याशिवाय कुठलीच वस्तू आपली होत नाही.

घर तळमजल्यावर, पायरी एकही नाही. मुलाने मुद्दाम असंच शोधलं. हिच्या संधिवाताने आधी जिने बंद केले, मग कणीक मळणं, मग गुंड्या लावणं. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली आहेत. वेणी मीच घालतो. सगळी उमर चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू बसवण्यात गेली, बारीक कामाला हात तयार आहे, पण वेणी रोज डावीकडे जाते. चष्मेवाल्याने घातलेली वेणी, नंबर चुकणारच, असं हिचं म्हणणं.

बैठकीच्या खोलीत एक मोठी काचेची टाकी आहे, सोफ्याएवढी लांब. आत कोरडी वाळू, एक पंप, पाणी कोमट ठेवायची कांडी. आधीचे भाडेकरूही आमच्यासारखेच म्हातारा-म्हातारी होते, सामान तसंच टाकून गेले, तेव्हापासून कित्येक महिने घर बंदच, असं घर दाखवणारा एजंट म्हणाला. मुलगा फोनवर म्हणाला, फेकून तरी द्या, नाहीतर मासे पाळा. हिने लगेच मासे धरले. समुद्रातले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. कित्येक महिन्यांनी हिने काहीतरी मागितलं. मी नाही म्हणणार होतो थोडाच.

६ तारीख, गुरुवार

दोघं रिक्षाने माशांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार गप्पिष्ट, पोट सुटलेला. मासे मागायला गेलो तर त्याने मिठाचं पोतं गळ्यात मारलं, म्हणून हिने त्याचं नाव मीठवाला ठेवलं.

त्याने आम्हाला शाळेतल्यासारखं शिकवलं. मासा घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. नव्या टाकीत ते विष खाणारे जंतू नसतात. म्हणून आधी नुसत्या खाऱ्या पाण्यात कोळंबीचा तुकडा टाकून सडवायचा. पहिलं विष चढतं, ते खाणारे जंतू येतात. त्यांच्यापासून दुसरं विष होतं, तेही खाणारे येतात. दोन्ही विषं शून्यावर आली की पाणी तयार. काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचा. पिवळा राहिला तर विष नाही, हिरवा झाला तर आहे. आणि तोवर, महिनाभर तरी, जीव सोडायचा नाही.

ही खुदकन हसली. म्हणाली, महिनाभर जीव सोडायचा नाही हे तर मला आमचे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. मीठवाला आधी गोंधळला, मग इतका हसला की त्याला खोकला आला.

सगळं ऐकून ही म्हणाली, अहो, हे तर दह्यासारखंच. विरजण लावायचं आणि वाट बघायची. मीठवाला म्हणाला, काकू, अगदी बरोबर, आणि हे घ्या विरजण, म्हणून जंतूंची बाटली आणि कोरडे दगड पुढे केले. हिने मान हलवली. विकतच्या विरजणाचं दही कधी नीट लागतं का, म्हणाली. आम्ही फक्त मीठ, नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या घेऊन आलो.

८ तारीख, शनिवार

माळा साफ करताना झाकणाची बादली सापडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला दगड, पावाएवढा, करडा, भोकाभोकांचा. एका अंगाला आखूड खुंट वर आलेले. वास समुद्राचा.

मला नवल एवढंच वाटलं की घर इतके महिने बंद, मग फडकं ओलं कसं. ही म्हणाली, वरून नळ गेला असेल, पाणी कुठेतरी मुरत असेल. आणि खूश झाली. पुढच्या विरजणापुरतं काढून ठेवलंय बघा, कोणीतरी संसारी बाई असणार, म्हणाली. तिची स्वतःची रीत तीच. दही संपताना शेवटचा चमचा कोणाला खाऊ देत नाही, मलासुद्धा नाही.

मीठवाल्याला फोन केला. तो म्हणाला, काका, जुना दगड घालू नका, घालायचाच तर उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. हिला सांगितलं तर म्हणाली, विरजण धुऊन लावतं का कोणी. दगड तसाच टाकीत गेला.

ठेवताना एका खुंटात काहीतरी चमकलं. भिंग लावून पाहिलं. चष्म्याच्या काडीची बिजागरी, स्क्रूसकट, दगडात अर्धी बुडालेली. समुद्रात काय काय पडतं, नाही?

११ तारीख, मंगळवार

काल कोळंबी टाकली, संध्याकाळी नळी हिरवीगार. आज पिवळी. कोळंबीही नाही. सालसुद्धा नाही. मीठवाला म्हणाला, एका दिवसात होतच नाही, तुमचे थेंब जुने असतील.

दगड कलंडला होता म्हणून हिने हात घालून सरळ केला. मग हात काढेचना. पाणी कोमट आहे, बोटांना बरं वाटतंय, म्हणाली. खुर्ची ओढून दुपारभर तशीच बसली, मनगटापर्यंत पाण्यात. मी पेपर मोठ्याने वाचून दाखवला.

१४ तारीख, शुक्रवार

आज आनंदाची गोष्ट. सकाळी चहा घेऊन आलो तर हिने स्वतःची वेणी घातलेली. सरळ. गाऊनच्या गुंड्याही लावलेल्या. बोटं मिटून उघडून दाखवत होती, नवीन खेळणं मिळाल्यासारखी. म्हणाली, तुमची नोकरी गेली.

मी न्हाणीघरात जाऊन थोडा रडलो. एवढ्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मिठाच्या पाण्याने गुण यावा. मुलाला फोन केला. तो म्हणाला, वा, माझीही पाठ हल्ली फार दुखते, आलो की मलाही बसवा तुमच्या टाकीत.

१७ तारीख, सोमवार

दगड वाढलाय. आधी वाटलं काचेमुळे मोठा दिसतोय. काच काय काय करते ते मला कोणी सांगायला नको, तोच धंदा केला. म्हणून पट्टी लावून पाहिलं. वाढलाय. खुंटांना पांढरी, कोवळी टोकं आली आहेत. ती बघत बघत ही म्हणाली, विरजण चांगलं लागलं.

हिची अंगठी पाण्यात पडली. गाठींमुळे जी साबण लावूनही निघत नव्हती ती आपली आपण सरकली. वाळूत खूप चाचपलं, सापडली नाही.

दुपारी ही कप उचलायला गेली तर बोटं मागे वळली. पार मागे. ही हसली. म्हणाली, दुखत नाही हो.

मला हसू आलं नाही.

१९ तारीख, बुधवार

हिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाताच्या हाडांचा फोटो काढायला सांगितला. फोटोवाला प्लेट घेऊन बाहेर आला, चुकली म्हणाला, परत काढली. परत तशीच. हाताची कड दिसते, आत काही नाही. धुकं नुसतं. त्याने मशीनला शिवी दिली आणि उद्या या म्हणाला.

घरी येताना हिचा हात माझ्या हातात होता. भिजलेल्या मोज्यासारखा.

चष्मेवाला ना मी. लोकांना दिसावं म्हणून जन्म घालवला. आणि घरात, नाकासमोर—

२० तारीख, गुरुवार

हिला टाकीजवळ जाऊ दिलं नाही. दुपारपर्यंत धरून ठेवलं. मग दुखणं परत आलं, आणि आलं ते पूर्वीचं नव्हे. ही ओरडत नाही कधी. बाळंतपणातही ओरडली नव्हती. आज ओरडली.

दगड उचलून बाहेर नेला, कचऱ्याच्या डब्यापर्यंत. हातात गार आणि जड, उन्हाने वरची कड वाळायला लागली. मागे वळून पाहिलं तर ही दारात घसरून बसलेली, तोंड उघडतेय, मिटतेय, हवा आत जात नाही.

पळत जाऊन दगड परत पाण्यात टाकला. हिने श्वास घेतला.

खुर्ची मीच टाकीजवळ लावली. हात मीच पाण्यात सोडला. दुसरं काय करू?

२२ तारीख, शनिवार

ही उभी राहत नाही. उचलून नेतो. वजन अर्ध्या भरलेल्या उशीएवढं. पाय जिथे ठेवावे तिथे राहतात, घडी घातल्यासारखे. दुखत मात्र नाही. चेहरा लग्नातल्या फोटोसारखा झालाय, सुरकुती नाही.

डॉक्टर येऊन पाहून गेले. मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाले. दारापर्यंत नेलं, टाकी दिसेनाशी झाली की श्वास थांबतो. परत आणलं. मुलाला सांगितलं, लगेच ये. पुढच्या शनिवारच्याच गाडीचं तिकीट मिळालं म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता. पाठ धरल्येय, बसून प्रवास कसा होतोय बघू, म्हणाला. हे ऐकून हिने मान वळवली. बघत राहिली. फोनकडे नाही. टाकीकडे.

खुंट आता खुंट राहिले नाहीत. पाच आहेत. लांब, मधे गाठी. चौथ्यावर अंगठी.

आणि बिजागरीवाला— तो समुद्रातून आलेला नाही. आधीचा भाडेकरू, तो म्हातारा, चष्मा हातात धरून बसत असणार पाण्याजवळ. मीही धरतो.

२३ तारीख, रविवार

शब्द कमी बोलते. विचारते, मुरलं का पाणी?

मी म्हणालो, नाही अजून.

म्हणाली, मला सोडा ना तिथे. बाहेर फार जड वाटतं.

सोडणार नाही. लिहून ठेवतो. मी सोडणार नाही.

२४ तारीख, सोमवार

हातोडा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. हिला गादीवर नीट ठेवून, कड्या लावून. गेलो आणि आलो.

गादीवर कोणी नाही. टाकीजवळ गाऊन, ओला. घडी घातलेला. ती नेहमी चौकोनीच घालते.

पाणी स्वच्छ.

दगड मागच्या काचेला टेकलाय आता. दोन हात आहेत. वरती गोल काहीतरी, पाठमोरं. वेणीसारखा पीळ, दगडाचा.

वेणी डावीकडे गेलेली.

२५ तारीख, मंगळवार

मला काही सुचलं नाही म्हणून पाणी तपासलं. सवयीने. पहिलं विष, पिवळं. दुसरंही नाही. मीठवाल्याला फोन लागला कसा, मी लावला का— सांगितलं त्याला, दोन्ही शून्य.

तो म्हणाला, अभिनंदन काका. पाणी तयार. आता खुशाल जीव सोडा. काकू खूश असतील, म्हणाला.

हो म्हणालो.

२७ तारीख, गुरुवार

हातोडा मारला. एकदाच.

बोट तुटलं. करंगळी. पाणी दुधासारखं झालं आणि आवाज— मागे ती न्हाणीघरात पडली होती तेव्हा आला होता तसा. अहो, असा.

दुसरा घाव नाही घालता आला. तुकडा काढायला हात घातला. तिने धरला.

घट्ट नाही. रस्ता ओलांडताना धरायची तसा.

माझा अंगठा स्क्रू फिरवून फिरवून कायमचा दुखरा. दुखत नाहीये.

२८ तारीख, शुक्रवार

पेन धरवत नाही. दोन्ही हातांत धरून— बोटं मागे जातात.

तुकडा मी फेकणार होतो. फेकायलाच काढला. आता बघतो तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला. बादलीत. झाकण लावलेलं. मी नाही केलं. माझ्या हातांनी केलं. पुढच्यापुरतं काढून ठेवावं, रिकामं भांडं अशुभ, असं ती—

माळ्यावर चढवायला पाय नाहीत. दाराशीच आहे.

उद्या मुलगा. त्याच्याकडे किल्ली आहे. फोन उचलता येत नाही, बोटं आकड्यांवर पसरतात. म्हणून इथेच. मोठ्या अक्षरात.

बाळा, आई बरी आहे म्हणून तुला दिसेल. दुखत नाही तिला. मलाही नाही. तू आत येऊ नकोस. आलास तर बसू नकोस. खुर्ची तिथेच आहे पण तू— बादलीला हात लावू नकोस, पाठ कितीही दुख