भाईटीकेपर्यंत घरी

असोज ३

आज दुपारी घुर्चेखर्कला पोहोचलो आणि पोहोचताच नोकरी मिळाली. गाव सोडल्यापासूनची सगळी चढण एकदम हलकी वाटते आहे. लॉजच्या पाटीवर इंग्रजी नाव आहे, त्यात एक अक्षर चुकले आहे. जरा रुळलो की हळूच सांगेन.

मालक नरजंग शाही, जातीचा ठकुरी, म्हणजे क्षत्रिय, कमी बोलणारा. मालकीण धनसरा दिदी मात्र खूप बोलते. मी आठवीपर्यंत शिकलो आहे, थोडे इंग्रजी येते, हे सगळे घोकून आलो होतो, पण त्यांनी त्यातले काहीच विचारले नाही. दिदीचा पहिला प्रश्न जातीचा. मी खेमनाथ रेग्मी, दैलेखचा बाहुन, म्हणजे ब्राह्मण, असे सांगितल्यावर नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. दिदीचा चेहरा असा उजळला की मलाच संकोच वाटला. म्हणाली, "बरं झालं आलास, बाजे. तुझ्यासारख्याचीच वाट बघत होतो." तेव्हापासून मी सगळ्यांचा 'बाजे'. मिसरूड नीट फुटलेले नाही आणि हाक आजोबांची.

माझे नागरिकतेचे कार्ड नरजंगने सांभाळायला घेतले. त्याशिवाय वाटेवरची चौकी ओलांडता येत नाही आणि पुढे गाइडचा परवानाही मिळत नाही, म्हणून मी ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिले.

बहीण कौशिलाला शब्द दिला आहे की भाईटीकेपर्यंत, म्हणजे भाऊबिजेपर्यंत, घरी येईन. तिला माझ्याशिवाय भाऊ नाही. गेल्या साली मी हिंदुस्थानात होतो, भाईटीका चुकली आणि मला विषमज्वर झाला. तिच्या मते तिने माझ्याभोवती तेलाची रेघ ओढली नाही म्हणून यमाला वाट मिळाली. यंदा तिने माझ्या माळेसाठी अंगणात मखमलीची फुलझाडे लावली आहेत.

असोज ७

कामे समजली. पहाटे पाणी तापवणे, अंथरुणे झटकणे, पाहुण्यांना जेवण वाढणे. इथे येणारे बहुतेक एकटेच येतात. गाइड नको, हमाल नको, फोनमध्ये नकाशा. त्यांना म्हणे एकांत पाहिजे. आमच्या घरात सात माणसांत एक खोली, एकांत कसा असतो मला ठाऊक नाही. पण ही माणसे त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून येतात आणि मग गरम पाण्याच्या एका बादलीवरून दिदीशी भांडतात. संध्याकाळी तीच माणसे डोंगराकडे बघून डोळे पुसतात.

खच्चरवाला कर्ण रोकाया गॅसच्या टाक्या घेऊन आला. मला बघून नुसता हसत सुटला. "काय बाजे, पोथी सोडून ताटं धुवायला आलात? बोकडाला पाला बरा मिळतोय इथं!" मी राग मानला नाही. खच्चरवाले असेच बोलतात.

मी कुडकुडताना पाहून दिदीने एक लाल फुगीर जाकीट दिले. परदेशी आहे, अगदी हलके. कोणी पाहुणा विसरून गेला असेल. बाही माझ्या बोटांवरून खाली जाते.

लॉजमागच्या झाडाचा एक अक्रोड उचलून ठेवला. चांगला टणक आहे. भाईटीकेला कौशिला दारात अक्रोड फोडते, यमाच्या डोक्यासारखा. हा तिला नेईन.

असोज १४

दिदीने बूटही दिले. फार मोठे आहेत, पुढे पेंढा कोंबावा लागला. झोपायला आता कोपऱ्यातली खोली, खिडकीसमोर खिंड. इतर खोल्या रिकाम्या असताना नोकराला एवढी चांगली खोली कशाला, असे विचारले तर म्हणाली, "गप रे, देतेय ते घे." माझे जेवणही वेगळे झाले आहे. डाळभात नाही. सकाळी काळी कॉफी, दुपारी मॅकरोनी. कॉफीने पहिल्या दिवशी ओकारी आली. दिदी शेजारी बसून राहते आणि पेला रिकामा होईपर्यंत उठत नाही.

आज खिंडीकडून एक एकटी बाई उतरली, केस पिकलेले, चालण्यात पटाईत. वरच्या वळणावर, जिथे दगडांची रास आहे, तिथे तिला एक उंच माणूस भेटला म्हणे. अंगात नुसता पातळ सदरा. त्याने फार सभ्यपणे विचारले, इथून वाट आहे का? तिने आहे म्हटले, तरी तो तिथेच उभा. तिला त्याची काळजी वाटत होती. मी नरजंगला सांगितले. तो लाकडे फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, पाहुण्यांशी कामापुरतेच बोलायचे.

असोज २६

दसैंचा, म्हणजे दसऱ्याचा, टीका. नरजंगने घरातल्या सगळ्यांच्या कपाळी लावला, गोठ्यातल्या म्हाताऱ्या गड्यालाही लावला. मी ओळीत उभा होतो. माझ्यापर्यंत आला आणि ताट घेऊन आत गेला. दिदीने समजावले की ठकुरीने बाहुनाला आशीर्वाद कसा द्यायचा, पाप लागेल. पटले. पण मग प्रसादाचे जवाचे कोंब तरी माझ्या कानावर खोचता आले असते. सुतक असल्यासारखा दिवसभर कोरड्या कपाळाने वाढत राहिलो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. कॉफी आता मीच मागतो.

कात्तिक ४

सकाळी बूट घालताना पेंढा आत मावेना. मला वाटले चामडे आटले. सगळा पेंढा काढला. बूट बरोबर बसले.

दुपारी धुक्यातून एक तरुण आला, पाठीवर हे मोठे गाठोडे. मला बघून हसला आणि हात पुढे केला. म्हणाला, तू माझ्याआधी कसा पोहोचलास? वरच्या वळणावर आत्ताच तर बोललो आपण. वाट विचारत होतास, याच लाल जाकिटात. मी सांगितले की मी सकाळपासून भांडी घासतो आहे. त्याला गंमत वाटली. डोंगरातल्या लोकांची चेष्टा समजायला वेळ लागतो, असे म्हणून त्याने माझा फोटो काढला.

दिदी दारात उभी होती. ती नरजंगला म्हणाली, "लागू पडतंय." मी काय ते विचारले तर म्हणाली, दही.

दही आज लावलेच नव्हते.

कात्तिक ९

कर्ण आला. आज त्याने चेष्टा केली नाही. खच्चरांना पाणी दाखवायला म्हणून मला ओढ्यावर नेले आणि मग बोलला.

गेल्या फागुनात एक उंच माणूस एकटाच आला होता. योरेन नाव. पाण्याच्या बादलीवरून दिदीशी त्याचे वाजले. सकाळी त्याने नरजंगला विचारले, इथून वाट आहे का? खिंडीत कमरेएवढा बर्फ होता, नरजंगला ठाऊक होते. म्हणाला, आहे. जा. चैतात शेळ्यावाल्यांना तो दगडांच्या राशीपाशी सापडला. पोलीस येतील, वाटेचे नाव खराब होईल, म्हणून या दोघांनी त्याला ओढ्यावर गुपचूप जाळला. कपडे मात्र आधी काढून घेतले. तेव्हापासून तो खाली येतो आणि दिवसाढवळ्या जेवणघराच्या खिडकीशी बसतो. दोन पाहुण्यांनी त्याला कॉफी पाजली होती. मग बरेच एकटे लोक नदीपलीकडच्या वाटेने जाऊ लागले. असोजपासून तो खाली आलेला नाही.

मी विचारले, का?

कर्ण म्हणाला, "तुझ्या अंगावर कुणाचं काय काय आहे ते बघ की, बाजे. आणि इथं ठकुरीच्या चुलीला बाहुन कशाला लागतो? आजवर कामाला कामीचा, लोहाराचा पोरगा होता. पळ."

कात्तिक १०

नरजंगकडे कार्ड मागितले. चौदा तारखेला पूजा आहे, बाहुन जेवल्याशिवाय घराबाहेर कसा सोडू, त्याच दिवशी देतो म्हणाला. चौदाला निघालो तरी अठराची भाईटीका गाठता येते. उतरणच आहे. कार्ड टाकून गेलो तर चौकीवरच अडकेन आणि जन्मभर ताटेच धुईन. चार दिवस काढतो.

जाकीट काढून ठेवले होते. दात वाजू लागले. उन्हात बसूनही. पुन्हा घातले.

कात्तिक १४

सगळे नीट लिहितो.

खालून पुरोहित आला. अंगणात पाट मांडला, तोंड दक्षिणेकडे. पाटाभोवती नवी गादी, छत्री, लोटा, त्या योरेनची काठी, त्याचे घड्याळ. बाहुनाला पाट मांडला की तो बसतो. कशाचे जेवण आहे हे आम्ही विचारत नाही, आमच्यात तसे विचारणे हलकेपणाचे. मीही बसलो. खीर होती. अर्धी खाल्ल्यावर दातांखाली काहीतरी करकरले. तूप-साखर नव्हे. वर पाहिले तर अंगणात सगळा गाव उभा होता आणि कोणी माझ्या डोळ्यांत बघत नव्हते.

तेव्हा समजले. हा कट्टो होता. मेलेल्याचे कपडे घालायचे, त्याच्या अंथरुणात निजायचे, त्याचे अन्न खायचे, त्याच्या हाडाची राख त्यात असते. मग त्या बाहुनाला मेलेल्याच्या वाटेने हाकलून द्यायचे. तो मेलेल्याला अंगावर घेऊन जातो. परत आला तर मेलेला परत येतो. आमच्या गावी आजोबा अशा एकाची गोष्ट हळू आवाजात सांगत.

मी बोट घालून ओकायला लागलो. दिदीने माझा हात धरला. ती खरेच रडत होती. म्हणाली, "नको रे, सगळं वाया जाईल. तू तरुण आहेस, पलीकडं कुठंही काम मिळेल. इकडं आता तुझ्या हातचं पाणी कोणी घेणार नाही, बाबा."

मी ओरडलो की मला घरी जायचे आहे, बहीण वाट बघते आहे. पुरोहित नरजंगला म्हणाला, "याच्याशी बोलू नका. आता हा तो आहे."

खाली जायच्या पुलावर माणसे दगड घेऊन उभी होती. कर्णही होता. त्याने दगड मारला नाही, पण हातात होता.

दिदीने गाठोडे दिले. तांदूळ, मीठ, मोहरीच्या तेलाची बाटली. नरजंगने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कार्ड माझ्या खिशात घातले. पहिला दगड पाठीत बसला. जाकिटामुळे लागला नाही.

कात्तिक १५

वाटेवरच्या एका गोठ्याच्या आडोशाला आहे. दोनदा उतरायचा प्रयत्न केला. कुत्री सोडली आहेत.

खिशातले कार्ड माझे नाही. परदेशी पासपोर्ट आहे. फोटो पाण्याने पुसट झाला आहे. बराच वेळ पाहिला. कोणाचा आहे, ते —

धुके आले की काय, डोळ्यांपुढे —

कात्तिक १६

बर्फ. चढतो आहे. खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातून फिरून खाली जाता येईल, कर्ण मागे कधीतरी म्हणाला होता. वेळेत नाही होणार. तरी घर ते घर.

एक पाहुणी उतरत होती. मी आमच्या भाषेत हाक मारली. माझ्या तोंडून दुसरेच आले. सभ्यपणे आले. इथून वाट आहे का?

तिने मान हलवली, घाईने निघून गेली. मागे वळून बघत —

कात्तिक १८

आज भाईटीका. ऊन आहे, पण ऊब नाही.

दगडांच्या राशीपाशी आहे. तो इथेच असतो. उंच, पातळ सदरा, पाय उघडे. रागावलेला नाही. त्याला नुसती थंडी वाजते आहे. त्याचे आहे ते द्यावे म्हणून जाकिटाची चेन ओढतो, ती येत नाही — बूट पायाला —

माझे नाव खेमनाथ रेग्मी. गाव दैलेखकडे. गावाचे नाव — कौशिलाला विचारून लिहीन.

तिने आता अंगण सारवले असेल. मखमलीची माळ. दारात अक्रोड. माझा मी दगडाने ठेचतो आहे, फुटत नाही. हाताला जोर नाही.

मग तेल आठवले. बाटली काढून रेघ ओढली, स्वतःभोवती, ती ओढते तशी, उजवीकडून. तो बघत राहिला. रेघेशी येऊन थांबला. थांबला! कौशिला, तू म्हणत होतीस ते खरे —

रेघेच्या कडेने फिरतो आहे. हात लावत नाही. वाकून बघतो.

बाटली उलटी केली. थेंब नाही. गोल पुरा झालेला नाही. डाव्या गुडघ्यापाशी, वीतभर — बर्फ कोरडा —

त्याला दिसले.

खाली बसला. विचारतो आहे, फार सभ्यपणे, इथून वाट

मी नाही म्हणतो. नाही म्हणतो, पण तोंडातून ते दुसरेच — आहे, ये, आ