ताईंच्या गुडघ्याचं तेल

अहो,

शेजारच्या कमरुन्निसा खाला बोलल्या होत्या, "दिपाली, बावचीचं तेल लई जहाल असते. लेकराला लावून उन्हात नको बसवू." मी हसण्यावारी नेलं. परवा मी बाजारात गेले तेवढ्यात तुमच्या ताईंनी आपल्या मैत्रीच्या पायावरच्या पांढऱ्या डागाला तेच तेल चोळलं अन् तिला उन्हात बसवलं. "थोडं भाजलं तरच रंग भरतो," म्हणे! काल पायभर टरारून फोड आले.

तुम्ही क्लासमध्ये नीट परीक्षेच्या पोरांकडून त्वचेची कामं घोकून घेता. घरात लेकीची त्वचा सोलली तर म्हणता, "ताईचा हेतू वाईट नव्हता."

माझाही नाही.

मैत्रीला ड्रेसिंगला नेतेय, तिथून नायगावला आईकडं जाईन. वरण-भात कुकरात आहे. उरलेलं बावचीचं तेल मी ताईंच्या गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीत ओतलंय. त्या रोजच्यासारख्या गुडघे चोळून गच्चीवर उन्हात बसल्यात.

रंग भरतोय का, तेवढं वर जाऊन बघा.

दिपाली