गप्प राहण्याचं पदक

ता. ४ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझा फोटो पेपरात आला आणि माझ्या शिवणाच्या दुकानात दिवसभर माप द्यायला कुणी आलं नाही, सगळे फोटो बघायलाच. सरकारनं छातीवर पदक लावलं ते ठीक, पण त्या कोटाची कॉलर कुणी शिवली? एक बाजू वर, एक बाजू खाली. सख्खी बहीण शिंपीण असताना पाणबुडीच्या कप्तानानं असं उभं राहावं?

पेपरात लिहिलंय की बोट समुद्राच्या तळाशी पडून होती, वर शत्रूचे बॉम्ब फुटत होते आणि कप्तान एक शब्द न बोलता शांत उभा राहिला, म्हणून सगळे वाचले. मी गिऱ्हाइकांना म्हटलं, यात नवल ते काय? आई गेली तेव्हा हा इतके दिवस बोलला नाही, की मला वाटलं याची वाचाच गेली. उगीच का घुम्या नाव पडलं!

ठकी बाळंतपणासाठी माझ्याकडे आलीय. एप्रिलात मी आजी होणार. नवरा पाणबुडीच्या इंजिनावर, तरी पोरगी निर्धास्त आहे. म्हणते, तो मामाच्या बोटीवर आहे, मग मी कशाला काळजी करू? मीही मनाची तशीच समजूत घालते. पण फोटोत तुझे डोळे मला बरे दिसले नाहीत. काय असेल ते कळव.

माझी माया तर आहेच, तूही अधूनमधून आमची विचारपूस करत जा.

तुझी,
ताई


ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. आमचा स्वयंपाकी रजेवर तिकडे येतोय, त्याच्या हाती देतोय. टपालातली पत्रं आधी आमच्या कचेरीत फोडून वाचतात, आणि हे कुणी वाचू नये. यापुढे तूही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातीच पत्र दे.

तू डोळ्यांचं विचारलंस. पाणबुडीवर आलो तेव्हा मी नकाशे बघायचो. मग उपकप्तान झालो, आणि लढाई पेटल्यावर बोटच माझ्या हाती आली. पहिलं जहाज बुडवलं तेव्हा खलाशांनी टोप्या उडवल्या, मीही उडवली. पुढच्या एका जहाजाच्या वेळी पेरिस्कोपमधून पाण्यातली माणसं दिसली. एकजण बुटानं दुसऱ्याला दूर ढकलत होता, फळी एकच होती. तेव्हापासून टोपी उडवली नाही.

आता पदकाचं. आम्ही तळाशी होतो हे खरं. बॉम्ब जवळ यायला लागले, दिवे गेले, कुठूनतरी पाणी शिंपडल्यासारखं तोंडावर आलं. उपकप्तानानं हळूच विचारलं, साहेब, पुढे काय? आणि ताई, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी शांत नव्हतो. मी गोठलो होतो. बोट उजवीकडे न्यावी की डावीकडे, काही सुचेना. त्यानं पुन्हा विचारलं. मी पेरिस्कोपची दांडी धरून नुसता उभा. सगळ्यांना वाटलं, साहेबांचं काहीतरी गणित चाललंय. कुणी हललं नाही, इंजिनं बंद राहिली, शत्रूला आमचा आवाज मिळाला नाही आणि तो निघून गेला. बंदरात आल्यावर उपकप्तानानंच अहवालात लिहिलं की असा धीराचा माणूस पाहिला नाही. त्या अहवालावर पदक मिळालं.

आता खलाशी माझ्या बोटीवर यायला धडपडतात. मी मात्र जेवताना कुणी ताटली आपटली तरी टेबलाची कड धरतो. पुढच्या महिन्यात निघायचंय. पुन्हा गोठलो तर? दर वेळी गप्प राहून भागेल असं थोडंच आहे?

हे तुलाच सांगितलं. ठकीला कळू देऊ नकोस. राग आला तर येऊ दे, पण दुरावा धरू नकोस.

तुझा,
घुम्या


ता. १९ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं तेव्हा हातात कात्री होती, ती खाली ठेवायचं भान राहिलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही कापली गेली.

तुला कुशीत घ्यावंसं वाटलं हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू रागावशील. त्या बोटीवर माझा जावई आहे. आणखी कितीजणांचे जावई, मुलगे आहेत. ते सगळे तुझ्या भरवशावर झाकण लावून पाण्याखाली जातात. तुला भीती वाटते यात लाज कसली? पण ती लपवून त्यांना घेऊन जाणं मला पटत नाही. तुझ्या वरिष्ठांकडे जा आणि मला लिहिलंस तेच त्यांना सांग. नाही सांगितलंस तर मी स्वतः येऊन त्यांच्या कचेरीत बसेन. मला ओळखतोस तू.

समोर ठकी बाळाच्या टोपड्याला नाड्या लावत बसलीय. मामाचं पत्र का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कॉलरीबद्दल लिहिलंय. खोटं बोलताना माझी मान ताठली होती.

कितीही रागावलास तरी तू माझाच आहेस, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो. लहानपणी शाळेत जायला तू दंडाला धरून न्यायचीस, तसंच वाटलं. मग गेलो.

वरिष्ठ आधी हसले. म्हणाले, भीती सगळ्यांनाच वाटते, चार दिवस झोप काढ. मी त्यांना त्या दिवसाचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी उठून दार लावलं. पदक परत देतो म्हटलं, तर म्हणाले, ते आता तुझं राहिलं नाही, पेपरांचं झालंय. मला नव्या पोरांना शिकवायच्या शाळेत टाकलंय. बोट उपकप्तानाकडे गेली. आता तोच कप्तान.

जावयाला उतरवता येईल का, हेही विचारलं. तुझ्यासाठी नाही, माझ्याच्यानं राहवलं नाही म्हणून. तर तो स्वतःच नाही म्हणाला. त्या इंजिनाचा खोकला फक्त त्यालाच कळतो म्हणे.

काल बोट गेली. उपकप्तान संगीत शिकवणाऱ्या बाईंचा एकुलता एक. निघताना त्यानं माझी दुर्बीण मागून घेतली आणि साहेब, लवकर बरे व्हा म्हणाला. मी आजारी आहे एवढंच त्याला सांगितलंय. बोट पाण्याखाली जाईपर्यंत मी धक्क्यावर उभा होतो. इतकी वर्षं मी जाणारा होतो. मागे उरलेल्याचं काय होतं ते काल कळलं.

ठकीला जप, आणि मलाही तुझ्या आठवणीत ठेव.

तुझा,
घुम्या


ता. २१ एप्रिल

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

मुलगी झाली. नाक जावयाचं, आरडाओरडा ठकीचा. दोघी सुखरूप.

तुझ्या कचेरीच्या शिपायानं आमच्या पेपरवाल्याला सांगितलं म्हणे की बोट यायचा दिवस उलटून गेला. मला हे पेपरवाल्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. मला सांभाळायला जाऊ नकोस, माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय. रस्त्यात सायकलची घंटा वाजली की मी मशीन थांबवते. तारवाला शेजारच्या गल्लीत वळेपर्यंत श्वास घेत नाही, आणि मग त्या गल्लीत कुणाचं घर आहे तेही आठवायला नको वाटतं.

ठकीनं परवा विचारलं, मामा उतरला, तर आता यांना परत कोण आणणार? मी उठून बाळाचं दुपटं बदलायला घेतलं. घुम्या, मीच तर तुला उतरवलं. चुकले का रे मी? तू असतास तर आत्तापर्यंत आली असती का बोट?

चांगलं किंवा वाईट, जे असेल ते तुझ्याच अक्षरात येऊ दे. एवढा लोभ कर.

तुझी,
ताई


ता. २७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जावई आला. तार पोचली असेलच, तरी माझ्या अक्षरात पुन्हा लिहितो. जावई आला.

बोट आज सकाळी आली, एका बाजूला कललेली, वरचा कठडा चाळणी झालेला. एकेक माणूस शिडीवरून वर येत होता आणि तो त्यांत नव्हता. मी विसरलोच होतो की इंजिनं बंद करून इंजिनवाला सगळ्यांत शेवटी येतो. डावा कान गेलाय, बाकी धड आहे. मुलगी झाल्याचं मला ओरडून सांगावं लागलं, अख्ख्या धक्क्यानं ऐकलं.

उपकप्तान आला नाही. बोट पाण्यावर असताना ढगातून विमान आलं. तो आणि पहारेकरी वर होते. पहारेकऱ्यांना त्यानं आत ढकललं, स्वतःला गोळी लागली होती, शिडी उतरणं जमणार नव्हतं. झाकण लावा आणि खाली जा, असं त्यानं बाहेरून ओरडून सांगितलं, आणि लावत नाहीत असं पाहून स्वतःच्या पायानं झाकण दाबलं. जावई म्हणतो, एका श्वासाचा उशीर झाला असता तरी सगळे गेले असते.

तू विचारलं होतंस, मी असतो तर? ताई, मी त्या झाकणापाशी गोठलो असतो का, ते मला ठाऊक नाही. आता कधीच कळणार नाही. पण त्या जागी मी असायला हवा होतो, एवढं कळतं.

त्याच्या आईला कचेरीकडून तार जाणार होती. मी ती थांबवून घेतलीय, स्वतः जाऊन सांगतो म्हणून. परवानगी मिळाली आणि मी अजून खोलीतच बसलोय. तळाशी पडलो होतो तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो. त्या बाई गाणं शिकवत असतील. मी दारात उभा राहिलो की पेटी थांबेल.

काय करू ते लिही. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझा,
घुम्या


ता. २९ एप्रिल

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

तार आली तेव्हा ठकी रडली, मी रडले, बाळ आमच्यामुळे रडलं. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी सांगत सुटले. मग तुझं पत्र आलं.

दीड महिना मी एकच मागणं मागत होते, माझा जावई परत येऊ दे. दुसऱ्या कुणाचं नाव एकदाही ओठांवर आलं नाही. त्याच वेळी ती बाईही मागत असेल, आणि तिचा एकच होता.

एकटा जाऊ नकोस. मी परवा सकाळच्या गाडीनं निघते, स्टेशनावर ये. ठकीला आता सगळं सांगितलंय. बाळाला माझ्याकडून घेत ती म्हणाली, आई, तू जा, मामाला एकटं सोडू नकोस.

त्या बाईंनी विचारलं की त्या जागी तू का नव्हतास, तर आजाराचं सांगू नकोस. खरं सांग. मीच तुला मागे ओढलं, हेही सांग. त्यांनी बोल लावले तर दोघं मिळून ऐकून घेऊ, तो त्यांचा हक्क आहे. दार मी वाजवीन. त्यांनी आपल्या तोंडावर लावून घेतलं तर पायरीवर बसू, आणि उघडतील तेव्हा आत जाऊ.

तुझी,
ताई