प्रेमिलाबाईची पांढरी सहा

सौंदड,
२० सप्टेंबर २०२४

चि. रुचिकास मनिराममामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे बरे आहोत, तिकडची खुशाली कळव.

फोन सोडून पत्र काऊन, असं तू म्हणशील. फोनवर तू दहा गोष्टी सांगतेस आणि त्यातल्या नऊ मी लगेच विसरतो. शिवाय ही गोष्ट तुझ्या आईच्या कानावर जायले नको. फुलचूरले बातमी पोचली की ती डबा भरून पहिल्या गाडीनं येते.

आमच्या नाटक मंडळाचा मालक केवलराम, त्यानं ऑर्गन बंद करायचं ठरवलं आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगाव नाटकं, आणि यंदा त्यात लॅपटॉप. गाणी आधीच भरून ठेवायची आणि बटन दाबायचं. तो म्हणते, ऑर्गन उचलायले चार माणसं लागतात आणि टेम्पोत अर्धी जागा तोच खाते.

सव्वीस वर्षं मी स्टेजखाली बसून वाजवून राहिलो. आमची गाणारी प्रेमिलाबाई पद सुरू करायच्या आधी डावा खांदा उचलते, तो पाहून मी पाय दाबतो. बटनाले खांदा काय दिसणार? ती जागा गेली तर घरी बसून मी काय करू, तुझ्या मामीची वांगी चिरू? तू स्टुडिओत त्याच यंत्रांवर पोट भरतेस. त्यांनीच मले उठवलं, तर आता उपायही तूच सांग.

रागावलो आहे, तरी माया कमी नाही हे ध्यानात ठेव.
तुझा मामा,
मनिराम


पुणे,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. मामाजींस रुचिकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

दसऱ्याला येऊन तुमच्या ऑर्गनची एकेक पट्टी चार-चार वेळा रेकॉर्ड केली, ते सगळं आता लॅपटॉपमध्ये नीट बसलं आहे. दोन पट्ट्यांत मामीचा कोंबडा आरवला होता, त्याला काढलं. सोबत पाठवलेला छोटा कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की तुमचाच ऑर्गन वाजेल. वाजवायचा तुम्हीच. केवलरामजींशी मी बोलले. टेम्पोत जागा होते म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. तुमची जागा राहिली, मामाजी.

बटनांचा क्रम वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. डाव्या हाताला एक चाक आहे, ते हळूच फिरवून बघा. काय होतं ते सांगत नाही. आवाजही घासूनपुसून स्वच्छ केला आहे. इथे स्टुडिओत सगळ्यांनी ऐकला आणि कुणाचा विश्वास बसेना, की तो सौंदडच्या पडवीत रेकॉर्ड झालाय.

मामीला नमस्कार. कौतुक केलंत तर आवडेल, शिव्या दिल्यात तरी तुमच्याच.
तुमची भाची,
रुचिका


सौंदड,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. रुचिकास आशीर्वाद.

तुझं चाक फिरवलं. जन्मभर ऑर्गनवर मींड निघत नाही म्हणून हळहळत होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारायची, घसरत जाता येत नाही. आता ते येते. घरी दोन तास तेच करत बसलो. मामी म्हणे, म्हातारा बिघडला. या वयात नवीन काही सुचेल असं वाटलं नव्हतं. एका पदाचा शेवट मी पूर्ण बदलला.

पण प्रेमिलाबाईचं काही खरं नाही. मंडईचे तीन प्रयोग झाले, तिन्ही वेळा ती मोठ्या पदात बेसूर झाली. लोक हसले. केवलरामनं तिले सांगितलं, हा शेवटचा सिझन, पुढच्या वर्षी दुसरी बाई. दोन दिवस ती जेवली नाही. काल घरी आली, माझ्या जुन्या ऑर्गनवर तेच पद म्हणून पाहिलं, आणि म्हणाली की इथं आवाज बरोबर बसते, तिथं बसत नाही. मी दोन्ही वाजवून पाहिले. बाई खोटं बोलणारी नाही. तू त्या लॅपटॉपच्या डब्यात काही केलं असशील तर खरं खरं लिही.

उत्तराची वाट पाहतो.
मामा


पुणे,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजींस सा. न.

चूक माझी आहे. तुमच्या ऑर्गनची मधल्या सप्तकातली पांढरी सहा ही पट्टी किंचित उतरलेली होती. इथे सूर नेमका लागला की पडद्यावर हिरवा दिवा लागतो. तुमच्या त्या एका पट्टीला तो लागेना, म्हणून मी तिला वर ओढून सरळ केली. तुम्हाला विचारावं असं मनातही आलं नाही. स्टुडिओत आम्ही दिवसभर हेच करतो. इतकं करतो, की आता सगळ्यांची गाणी सारखीच सरळ ऐकू येतात. प्रेमिलाबाईंचा गळा सव्वीस वर्षं त्या उतरलेल्या सुराशी जुळलेला, हे मला कुठून कळणार? विचारलं असतं तर कळलं असतं.

मूळ सूर परत घातला आहे, सोबतच्या पेन ड्राइव्हमधून तो भरून घ्या. केवलरामजींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आणखी दोन नाटक मंडळांनी हा ऑर्गन माझ्याकडे मागितला आहे. माझं स्वतःचं असं हे पहिलंच काम, म्हणून त्यांना ही चूक सांगायला जीभ रेटत नाही. लाज वाटते लिहिताना, पण खरं लिही म्हणालात.

रागावलात तरी दूर करू नका.
रुचिका


चोरखमारा,
३० नोव्हेंबर २०२४

चि. रुचिका बेटीस प्रेमिलाबाईचा आशीर्वाद.

तू मले दोनदाच पाहिलं असशील. मनिराम मास्तरले न सांगता हे लिहून राहिली. मास्तरनं साऱ्या मंडळासमोर सांगितलं, की बाईचा गळा चांगला आहे, माझेच कान गेले, मीच चुकीचं वाजवत होतो. तुझं नाव घेतलं नाही. केवलरामनं मले ठेवलं आणि मास्तरले शाल-नारळ देऊन घरी बसवलं. आता केवलरामची मुलगी नीतू वाजवते. पोरगी हुशार आहे, सूरही आता बरोबर लागते. पण ती पडद्याकडं पाहते. मी श्वास कधी घेते ते कोणी पाहत नाही.

मास्तर रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बसते म्हणतात. गाडी त्याले कुठलीच पकडायची नसते. मले वाटलं, तुले माहीत असावं.

सुखी राहा.
प्रेमिला


पुणे,
७ डिसेंबर २०२४

ती. मामाजींस सा. न.

केवलरामजींना काल पत्र पाठवलं. सूर मी बदलला, मास्तरांचा काही दोष नाही, हे सरळ लिहिलं. त्या दोन मंडळांनाही कळवलं. एकानं ऑर्गन नको म्हटलं, दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. होऊ द्या. माझ्या नावासाठी तुम्ही तुमची जागा द्यावी, एवढी मी मोठी नाही. आणि तुम्ही असं केलंत म्हणून मी तीन दिवस धड जेवले नाही, तेही ऐकून ठेवा.

तुमचीच,
रुचिका


सौंदड,
१८ डिसेंबर २०२४

चि. रुचिकास खूप खूप आशीर्वाद.

केवलराम तुझं पत्र घेऊन घरी आला. खाटेवर बसून मोठ्यानं वाचलं आणि मले म्हणाला, उद्यापासून या. मी लगेच हो म्हटलं नाही. तू खरं लिहिलं, आता मलेही लिहिलं पाहिजे. मी त्याले सांगितलं ते सारंच खोटं नव्हतं, बेटा. ज्या पांढऱ्या सहाले मी सव्वीस वर्षं ओळखतो, ती बदलली हे तीन प्रयोगांत मले कळलं नाही. घरी दोन्ही वाजवून पाहिले तेव्हाही फरक ऐकू आला नाही. ते कळलं प्रेमिलाबाईले. तुझ्यापुढं कबूल करायची हिंमत नव्हती, म्हणून पत्रात टाळलं.

केवलरामलेही हे सांगितलं. मग प्रेमिलाबाईनं त्याले निरोप दिला, की मास्तर नसेल तर मी गाणार नाही. म्हणून असं ठरलं, की नीतूनं बाजूले बसून सूर सांभाळायचा आणि वाजवायचं मी.

काल चोरखमाऱ्याले प्रयोग झाला. मोठ्या पदात प्रेमिलाबाई मधेच थांबली, कधी थांबत नाही इतकी. नीतू माझ्याकडं पाहू लागली. मी हात पट्ट्यांवरून उचलून धरला. मग बाईनं खांदा उचलला आणि आम्ही दोघं संगच निघालो. सूर मले किती ऐकू आला ते देव जाणे, पण ती मले दिसून राहिली होती.

मामी विचारते, कधी येतेस. मीही विचारतो.
तुझा,
मनिराममामा