बिनलेबलच्या तीन घटपर्णी

बाई,

मी बारामतीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा तुम्ही होतात, पेढा अर्धा मोडून घेतला होतात. आज जे लिहितोय ते तुम्ही असता तर तोंडावर सांगायला मी धजलो नसतो, म्हणून कागदावर.

गेल्या वर्षी इंदापूरजवळ हायवेवरच्या एका नर्सरीत तीन घटपर्णी दिसल्या. टांगत्या कुंड्या, पानांच्या टोकांना लोंबणारे, किडे पकडणारे घट. पुस्तकातल्या चित्रावर वर्षानुवर्षं शिकवलेली वनस्पती समोर पाहून मी हरखून गेलो. संकरित आहेत हे कळत होतं, पण कशाचा कशाशी संकर ते एकाही कुंडीवर लिहिलेलं नव्हतं. नर्सरीवाला म्हणाला, "लॉट भायेरनं येतो सर. नावं आमाला बी म्हाईत न्हायती." घरी आणून आठ दिवस मी मोबाईलवरचे फोटो आणि झाडं जुळवत बसलो. घटाची कड, झाकणाचा आकार, अंगावरचे ठिपके. एकाच वेलीचे खालचे घट बुटके आणि वरचे निमुळते असतात, आणि वाढवणाऱ्यानं नोंद ठेवली नसेल तर नुसत्या रूपावरून संकराचे आईबाप सांगता येत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी नवव्या दिवशी तीन पाट्या लिहिल्या, दोन्ही पालकांच्या लॅटिन नावांसकट, आणि कुंड्या प्रयोगशाळेच्या खिडकीत लावल्या. मुलं मोठ्यानं नावं वाचायची, मला बरं वाटायचं.

पिंपळीची एक मुलगी बारावीत होती, भाजीपाला करणाऱ्या घरातली. तिनं विचारलं, "सर, नर्सरीवाल्यानं लेबल दिलं व्हतं का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो, दिलं होतं." इतकंच. तीन शब्दांत उरकलं.

तुमचं वालचंदनगरचं क्वार्टर आठवतं. मी बावड्याहून सायकलवर येताना कालव्याकाठचं एक रोपटं उपटून आणलंय. तुम्ही कणीक तिंबताय. हात धुऊन ओट्यावरच भिंग धरता, पाकळ्या उघडून बघता, पुस्तक काढता, मिटता. मग म्हणता, "मला नाही ओळखू येत." मलाच ओशाळल्यासारखं होतं, बाईंना येत नाही म्हणजे काय! तुम्ही ते रोपटं वर्तमानपत्रात दाबता आणि वर शांतपणे लिहिता, ओळख पटली नाही. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत मी एका फांदीचं नाव ठोकून दिलं होतं, ते नेमकं बरोबर निघालं, तरी तुम्ही गुण दिले नाहीत. मी भांडायला आलो तेव्हा म्हणालात, "नाव बरोबर आहे. पण तुला ते माहीत नव्हतं." किती दिवस मी तुमच्याशी नीट बोललो नव्हतो.

त्या मुलीनं माझ्या पाट्यांवरून प्रकल्प केला. तीन संकर, त्यांचे पालक, कुणाकडून काय गुण आला, सुरेख चित्रं काढली होती. पुण्याच्या स्पर्धेला मीच घेऊन गेलो. परीक्षक बाई तिन्ही कुंड्यांपाशी बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "ही पहिली आणि दुसरी मला एकाच संकराची वाटतात. एकीवर खालचे घट आहेत, दुसरीवर वरचे. ही नावं कशावरून दिलीस?" मुलगी म्हणाली, "नर्सरीचं लेबल हाय मॅडम." त्यांनी बघायला मागितलं. ती म्हणाली, "हरवलं." परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मनानं रचलेल्या नावांना विज्ञान म्हणत नाहीत." मी चार पावलांवर उभा होतो, बाई. हातात तिची पाण्याची बाटली होती. मी ती घट्ट धरून उभा राहिलो.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. चार दिवस मी कॉलेजात तिला टाळलं. पाचव्या दिवशी पिंपळीला गेलो. अंगणात ती आणि तिचे वडील बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. वडील उठले, "या सर, बसा." मग घराकडे वळून म्हणाले, "च्या टाक गं." मी उभ्यानंच सांगितलं, की लेबल कधी नव्हतंच, नावं मी अंदाजानं घातली, आणि त्या दिवशी हिची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं नाही. वडील मुलीकडे बघायला लागले. ती जुडी बांधतच म्हणाली, "मला म्हाईत व्हतं सर."

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी ती वडिलांना घेऊन इंदापूरला जाऊन आली होती. नर्सरीवाल्यानं तिलाही तेच सांगितलं होतं.

"मग तू तिथं खरं का नाही सांगितलंस?"

"तुमी सर हाय. एवढ्या लोकांत तुमी खोटं बोललात आसं कसं म्हणू?"

वडिलांनी मला काही ऐकवलं नाही. फक्त म्हणाले, "आमी पोरीला तुमच्याकडं धाडतो ते शिकाया, सर." चहा आला, तो मी प्यायलो.

नंतर मी स्पर्धेवाल्यांना पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं, की निकाल बदलता येत नाही, मुलीला कळवावं. वर्गात तिन्ही पाट्या मुलांसमोर काढल्या आणि का काढल्या तेही सांगितलं. ती पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती, जणू चूक तिचीच. आता ती पुण्याला शिकते. वनस्पतिशास्त्र घेतलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

तुमचा मुलगा तुमच्या माघारी पुण्यात असतो, पत्ता माझ्याकडे आहे. पण त्यानं हे वाचून करायचं काय? हे पत्र मी कुठंच पाठवणार नाही, तेव्हा एक उरलेलं सांगून टाकतो. त्या हॉलमध्ये ती पोर "हरवलं" म्हणाली, तेव्हा मला आधी शरम वाटली नव्हती, बाई. आधी हायसं वाटलं होतं.